डावा मागचा हब

१

डाग चार मिलिमीटर लांब होता. हबच्या चार बोल्टांपैकी तिसऱ्याच्या मुळाशी, आट्यांच्या खाचेत, तांबूस रंगाचा. उषाने चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं. गंजाला जाडी असते. तो फुगतो, खपली धरतो. या डागाला जाडी नव्हती. तो खाचेतून पाण्यासारखा उतरत आला होता आणि पाणी जिथे सुकलं असेल तिथे थांबला होता.

"बाई, हात नका लावू," हवालदार म्हणाला. "मुद्देमाल हाय तो."

उषाने हात मागे घेतला.

भुकूमच्या पुढे, पौड रस्त्यावरून आत वळलं की पत्र्याचं कुंपण लागतं. त्यावर तिच्या नवऱ्याच्या नावाची पाटी होती : कैलास ऑटो स्पेअर्स. अपघाताच्या, मोडीच्या गाड्या इथे यायच्या. हनुमंत त्या खोलायचा, चांगले पार्ट फळीवर चढायचे, उरलेला सांगाडा भट्टीत जायचा. कैलास जाऊन तीन वर्षं झाली होती. यार्ड आता धाकटा दीर दिग्विजय आणि त्याची बायको मोनाली चालवत होते. परवाना मात्र उषाच्या नावावर होता, म्हणून आज तिला पौडच्या कॉलेजातून, बारावीचं रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक अर्ध्यावर सोडून, बोलावून घेतलं होतं.

मंगळवारी सकाळी पिरंगुटच्या उतारावर एका कॅबचं डावं मागचं चाक निखळलं होतं. ड्रायव्हर ऋषिकेश, उदगीरकडचा, सत्तावीस वर्षांचा, हिंजवडीच्या शिफ्टची माणसं आणायला निघाला होता. कॅब मोरीच्या कठड्यावर आदळली. तो जागच्या जागी गेला. चाक ज्यावर बसतं तो हब अपघाताच्या चारच दिवस आधी बदललेला होता : जुना पार्ट, याच यार्डातून गेलेला. आणि हबच्या पाठीवर पिवळ्या ऑइलपेंटने ओढलेल्या तीन आडव्या रेघा होत्या, खाली एक टिंब.

ही खूण हनुमंतची. त्याला लिहिता येत नव्हतं. त्याने तपासून पास केलेल्या पार्टवर तो ती ओढायचा, आणि मुळशीतले गॅरेजवाले ती खूण पाहिल्याशिवाय पार्टला हात लावत नसत.

"पाच वाजता साहेब येतील," हवालदार म्हणाला. "तवर तुमी मालक म्हणून लिहून द्या, खूण कुणाची ते. मग याला घेऊन जातो."

हनुमंत पिंपाच्या कडेला उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, मुठ्याच्या वरच्या वस्तीवरचा, काळा, काटक माणूस. तो कोणाकडेच बघत नव्हता.

दिग्विजयने पेन पुढे केलं. "दोनच शब्द लिहायचेत, वहिनी. खूण हनुमंतची. त्यालाही प्रयोगशाळा लागते का?"

"बघू," उषा म्हणाली.

"झालं! निघालं 'बघू'!" दिग्विजय हवालदाराकडे वळला. "तीन वर्षं हेच ऐकतोय आम्ही. जागेचं काय, बघू. कोपऱ्यातल्या गाडीचं काय, बघू. माणूस मेलाय, तरी बघू."

घड्याळात सव्वादोन झाले होते.

"हवालदार, पाच वाजेपर्यंत माझ्याच यार्डात चार प्रश्न विचारायला हरकत नाही ना?"

हवालदाराने खांदे उडवले. तेव्हा हनुमंत पहिल्यांदा बोलला.

"वैनी, खूण माझी हाय. पर ती म्या वडलेली न्हाई."

२

उषा त्याच्यासमोर उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली.

"नीट सांगा. मोनाली म्हणते, दसऱ्यानंतर जी राखाडी गाडी आली, तिचा हा हब."

"खोटं हाय. राखाडीचे दोन्ही हब ढिले व्हते. म्या वितळायला धाडले."

"कोणी पाहिलं?"

"कोन बघतंय, वैनी? मी एकलाच खोलतो. सांगाडाबी गेला गेल्या आठवड्यात."

"म्हंजी पुरावा न्हाईच," मागून हवालदार म्हणाला.

"खूण कधी ओढता तुम्ही?"

"पार्ट सुटला, हातानं फिरवून बघितला, की तितंच. अंगठ्यानं ग्रीस पुसायचं आन् वडायची."

"मग धुता?"

"दरवाजे, बंपर, जाळ्या, ते सोड्यात." त्याने अर्ध्या कापलेल्या पिंपाकडे बोट केलं. त्यात धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी वाफाळत होतं. "हबला सोडा न्हाई. ज्यात बेरिंग हाय त्ये सोड्यात न्हाई. फडक्यानं पुसायचं, बास. मी नवा व्हतो तवा एक हब टाकला व्हता पिंपात. दादांनी कानफटात हाणली व्हती. अजून याद हाय."

दादा म्हणजे कैलास. उषाला तो प्रसंग आठवत होता. नवऱ्याने कोणावर हात उचललेला तिने तेवढा एकदाच पाहिला होता.

ती उठली आणि मुद्दाम लांबून, यार्डाच्या मागच्या अंगाने चालत आली. कोपऱ्यात, भिंतीला उजवी बाजू टेकवून, निळ्या ताडपत्रीखाली कैलासची गाडी उभी होती. भूगावजवळ डंपरने मागून डाव्या अंगाला मारलेली. चाकं तेव्हाच काढली होती. गाडी विटांवर होती. ताडपत्रीच्या दोऱ्यांना गाठी होत्या. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, यार्डातल्या फळ्यांना आणि हत्यारांना मोनाली आणि दिग्विजय जोडीने हळदकुंकू लावायचे. तेवढा वेळ उषा एकटी या कोपऱ्यात यायची, पाच मिनिटं थांबायची, गाठी पुन्हा मारून निघून जायची. एरवी इकडे कोणी फिरकत नसे.

"वैनी," हनुमंत तिच्यामागून आला होता. "आता बोलू नये, पर दर साली इचारतो. मार बसलेला माल हाय. खोलून वितळायला..."

"आत्ता नाही, हनुमंत."

"व्हय," तो म्हणाला. "आता मला तरी कुठं टाइम हाय."

३

कॅबला हब बसवणारा मनीष गॅरेजवाला आला तो मोटरसायकल बंद न करताच ओरडत आला.

"मला कशाला गोवता यात? तुमचा माल, तुमची खूण! माझ्या गॅरेजवर काल दगड पडले. त्या पोराचा भाऊ आला होता गावाकडून. माझी कॉलर धरली चौकात!"

"हब तुम्हाला दिला कोणी?" उषाने विचारलं.

"यार्डाच्या नंबरावरून फोटो आला. मी म्हणालो ठेवा. सकाळी फाटकाशी पेपरात गुंडाळलेला होता. उचलला."

"यार्डाचा फोन कोणाकडे असतो?"

"हितं पडलेला असतो काउंटरवर. कोणीबी उचलतं. मी काय फोनवर तोंड बघतो का?"

"आणि हब कसा होता?"

"चकाचक. नव्यासारखा."

"जुना हब नव्यासारखा दिसतो, याचं आश्चर्य नाही वाटलं?"

मनीष जरा थबकला. "खूण होती ना त्याची! हनुमंतची खूण असली की मी फिरवूनसुद्धा बघत नाही. बारा वर्षं झाली."

"इथं चूक तुझी हाय," हवालदार म्हणाला.

"एक विचारते," उषाने दोघांकडे, मनीष आणि दिग्विजयकडे, आळीपाळीने पाहिलं. "हब सोड्याच्या गरम पाण्यात धुतला तर काय होतं?"

"वेड लागलंय का?" दिग्विजय फटकन म्हणाला. "बेरिंगमधलं ग्रीस निघून जातं. वरून चमकतो, आतून कोरडा. चार दिवसांत जाम होतो. वहिनी, वीस वर्षं हा धंदा तुमच्या घरात आहे. एवढंही कळू नये?"

"पोरासोरांनाबी कळतं ते," मनीष म्हणाला.

"आणि तुम्हाला हनुमंत नकोच आहे, भावजी. त्याची झोपडी या जागेवर आहे. बिल्डरला जागा मोकळी लागते."

"नकोच आहे!" दिग्विजयचा आवाज चढला. "तोंडावर सांगतो. पण त्यासाठी मी माणूस मारीन? मला हनुमंत घालवायचा असता तर सरळ हाकलला असता. परवाना तुमचा नसता तर कधीच."

ते खरं वाटत होतं. दिग्विजयला राग लपवता येत नव्हता, तर कट कसला लपवणार?

दुकानाच्या पडवीत मोनाली टेबलावर दोन हेडलाइट पुसत होती. टेबलावर पिवळ्या फुलांचं मेणकापड, बाजूला बादली, बादलीतून सोड्याचा वास. तिची बोटं टोकांना सोलली होती. आरसे, लाइट, सीट असा हलका माल ती बघायची, पार्सलंही तीच बांधायची. लग्नानंतर चिंचवडहून इथे आली तेव्हा पाना कसा धरतात हे तिला माहीत नव्हतं. आता यार्डाची निम्मी विक्री तिने काढलेल्या फोटोंवर चालायची.

"ताई, चहा टाकू? चेहरा किती उतरलाय तुमचा," मोनाली म्हणाली. "लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. हनुमंत वाईट नाही हो, पण पितो. चोरून एखादा विकला असेल."

"तू पाहिलंस?"

"मी कशाला बघू? माझा संबंध फोटोंपुरता." तिने हेडलाइट उन्हाकडे धरला. "घ्या बघून, कसा आला होता आणि कसा झाला. पार्ट कोणताही असो, धुतल्याशिवाय फोटोत उठत नाही. हे यांना वीस वर्षांत कळलं नव्हतं."

उषाने हेडलाइटकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग मोनालीच्या बोटांकडे. फाटकावर आज शनिवारची ताजी लिंबू-मिरची टांगलेली होती. तिने टाचा उंचावून लिंबू ओढून काढलं.

"अहो ताई! नजर लागेल!" मोनाली हसत ओरडली.

काउंटरशी येऊन उषा हवालदाराला म्हणाली, "साहेबांना फोन करून विचारा. अर्ध्या डागाला मी हात लावणार नाही, तो तुमच्या तपासणीला राहील. उरलेल्या अर्ध्यावर लिंबाचा एक थेंब टाकते. तुमच्या मोबाइलवर चित्रीकरण करा."

हवालदाराने फोन लावला, बाजूला जाऊन बोलला, आणि परत येऊन कॅमेरा सुरू केला. "लिंबानं गंज जातो, बाई. त्यात काय बघायचं?"

"गंज गेला तर जाईल. बघा."

तिने कापसाच्या बोळ्याने एक थेंब आट्यांच्या खाचेत सोडला. दहापर्यंत मोजायला लागेल एवढा वेळ गेला असेल.

अर्धा डाग पिवळा झाला. लख्ख पिवळा.

४

"आरं तिच्या!" हवालदार म्हणाला. "ही तर हळद!"

"तुमच्या घरी वरणाच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल व्हतो."

"साबण, सोडा, चुना, काहीही खारं लागलं की हळद लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी. हा डाग लाल होता, म्हणजे हळद लागल्यानंतर हा हब सोड्यात गेला. आणि आता पाठीवरची खूण बघा. कशी आहे?"

"साबूत हाय. कुटं उडाली न्हाई."

"सोड्याच्या गरम पाण्यात ऑइलपेंट टिकत नाही. खूण आधीची असती तर उडाली असती. ती धुतल्यानंतर ओढली. हनुमंत पार्ट सुटल्याबरोबर खूण ओढतात, आणि हब ते धुतच नाहीत."

सगळे काउंटरभोवती जमले होते. मोनालीही पडवीच्या पायरीपर्यंत आली होती.

"हळद लागली म्हणजे हा हब खंडेनवमीला यार्डात होता," उषा म्हणाली. "राखाडी गाडी दसऱ्यानंतर आली. तिचा तो असूच शकत नाही."

"मग फळीवरचा जुना असेल," दिग्विजय म्हणाला. "फळीला आम्ही हळदकुंकू लावतोच की."

"हळद आणि कुंकू. तुमचं कुंकू दुकानातलं, रंगाचं. ते आंबटाने बदलत नाही. या खाचेत लाल उरायला हवं होतं. काहीच उरलं नाही. या हबला नुसती हळद लागली होती." ती थांबली. पुढचं वाक्य तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. "या यार्डात नुसती हळद मी एकाच ठिकाणी लावते. मार बसतो तिथे हळद लावतात, म्हणून."

दिग्विजयने कोपऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"दादाच्या गाडीला?"

हनुमंत आधीच चालू लागला होता. त्याने ताडपत्रीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याची गाठ हातात घेतली, आणि सोडायच्या आधी थबकला.

"वैनी, ही गाठ तुमची न्हाई. तुमी सरळ गाठ मारता. ही पार्सलाची हाय. दोन येढे."

त्याने ताडपत्री उचलली. डाव्या मागच्या बाजूला, जिथे उषाने महिन्यापूर्वी ओल्या हळदीचा हात फिरवला होता, तिथे चार रिकामी भोकं होती.

५

"चार बोल्ट," हवालदार म्हणाला. "कोन काढू शकतं?"

"पान्याला पाइप लावला की कोणालाही सुटतात," दिग्विजय पुटपुटला. मग त्याने मान वर केली. "माझ्याकडे काय बघता? मी काढला नाही!"

"नाही," उषा म्हणाली. "तुम्ही मघाशी न अडखळता सांगितलंत, सोड्याने बेरिंग मरतं. मनीषलाही माहीत होतं. हनुमंतांना तर गालावर शिकवलंय. तुमच्यातल्या कोणीही हब पिंपात टाकला नसता. ज्याने टाकला त्याला तो चमकवायचा होता, आणि बेरिंगचं त्याला ठाऊक नव्हतं." ती मनीषकडे वळली. "फोटो आला होता म्हणालात. काढा."

मनीषने फोन चाळायला वेळ लावला. हवालदाराने तो हातातूनच घेतला आणि मोठा करून सगळ्यांसमोर धरला. हब चमकत होता. त्याच्याखाली पिवळ्या फुलांचं मेणकापड होतं.

सगळ्यांच्या माना पडवीकडे वळल्या. टेबलावर तेच मेणकापड होतं, दोन हेडलाइटांखाली.

"मोनाली?" दिग्विजयने विचारलं. तो ओरडला नाही.

मोनाली पायरीवरून खाली उतरली. "हो. मी काढला. काय करायचं होतं? तीन वर्षं ती गाडी जागा अडवून बसलीय. जागेचं बोलणं निघालं की आधी त्या गाडीचं बघू, आणि गाडीचं निघालं की नुसतंच बघू! म्हटलं, आतून रिकामी झाली की एक दिवस उरलेला पत्रा आपोआप जाईल. ताईंना कळणारही नाही. वर्षातून एकदाच तर येतात."

"खूण का ओढलीस?"

"खुणेशिवाय हा घेतो का?" तिने मनीषकडे हात केला.

"आणि तो मुलगा मेल्यावर?" उषाचा आवाज वर्गातल्यासारखाच सपाट होता. "मंगळवारपासून आज शनिवार. पाच दिवस तू बघत होतीस, खूण कोणाला घेऊन चाललीय."

मोनालीने हनुमंतकडे पाहिलं नाही. "मला काय माहीत धुतल्याने माणूस मरतो म्हणून! मी कोणाला मारलं नाही. हबला मार बसलेला होता, हे यार्डात कोणाला ठाऊक नव्हतं? हा हनुमंत दरवर्षी तुमच्या पाया पडायचा, खोलू द्या, वितळायला धाडू. तुम्ही एकदा 'हो' म्हणाला असतात तर तो हब भट्टीत गेला असता. ताई, लिंबू पिळून माझं नाव निघालं. तुमचं कशाने निघेल?"

"गप बस," दिग्विजय म्हणाला.

"बोलू द्या तिला," उषा म्हणाली. "एवढं ती खोटं बोलत नाहीये."

हवालदार ताडपत्रीखाली वाकला होता. त्याने मोबाइलचा उजेड आत फिरवला आणि बाहेर येऊन गुडघे झाडले.

"बाई, हितं फकस्त हबच न्हाई. ब्रेकचाबी कायतरी भाग दिसंना. ओ ताई, आणखी काय काय इकलंत?"

"आठवत नाही," मोनाली म्हणाली. "दोन-तीन वस्तू. फोटो पुसले मी."

"कोणाला?"

"नाही आठवत म्हटलं ना!"

पत्र्याच्या कुंपणापलीकडे पौड रस्त्यावरून कॅब चालल्या होत्या, हिंजवडीची दुसरी शिफ्ट भरायला. हनुमंत गाडीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याने बोनेटवर हात ठेवला नाही. हात मागेच बांधून ठेवले.

"वैनी," तो म्हणाला, "वरून दिसत न्हाई काय गेलंय त्ये. कुटल्या तरी गाडीत बसलं आसंल, रस्त्यावर पळत आसंल. यक यक नट सोडून बघितल्याबिगर कळायचं न्हाई. पर ही दादांची हाय. तुमी म्हनाल तसं."

फाटकाशी जीप थांबली. साहेब उतरले. हवालदार धावत जाऊन त्यांच्या कानाशी लागला, काउंटरकडे, ताडपत्रीकडे आणि शेवटी मोनालीकडे बोट दाखवत. दिग्विजयने तोंड भिंतीकडे केलं होतं. काउंटरवरचा कोरा कागद वाऱ्याने हलत होता, त्यावर पेन आडवं होतं.

साहेब आत आले. "मालकीण कोण? ही गाडी पंचांसमोर पूर्ण खोलावी लागेल आम्हाला. तुमची परवानगी आहे?"

दिग्विजयने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मोनालीनेही पाहिलं. ती कोणता शब्द बोलणार हे त्यांना जणू ठाऊकच होतं.

उषाने ताडपत्रीची उरलेली तीन टोकं एकेक करून सोडली. ताडपत्री ओढून खाली टाकली. तीन वर्षांत पहिल्यांदा गाडीच्या काचांवर ऊन पडलं. ड्रायव्हरच्या सीटवर कैलासचा चष्म्याचा डबा तसाच होता. तिने दार उघडून तो उचलला, पर्समध्ये ठेवला, आणि हनुमंतकडे वळली.

"हनुमंत, गाडी खोला."